बोलणी खाणारी मुलं: अवधान, चंचलपणा आणि बोलण्यातून होणारा उपचार



आजचा विषय डॉक्टरांचा आहे, आणि आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. तेव्हा कुणाला गोळी द्यावी आणि कुणाला देऊ नये हे आम्ही इथे सांगणार नाही. आम्ही इतिहास सांगणार आहोत. ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, अंग एका जागी ठरत नाही, त्यांच्याशी बोलून त्यांना बरं करता येईल ही कल्पना कुठून आली, कशी वाढली, कुठे फसली, आणि आपल्या जालना जिल्ह्यात तिचं काय होतं, एवढाच प्रश्न.

पण आधी शब्दाकडे बघू, कारण शब्दात बरंच काही लपलेलं असतं. या अडचणीला इंग्रजी आद्याक्षरांनी एडीएचडी म्हणतात. मराठीत ‘अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता’ असं भारदस्त नाव केलेलं आहे. घरात हे नाव कुणी घेत नाही. घरात म्हणतात, पोरगं वांड आहे, याच्या पायाला भिंगरी आहे, याचं चित्त थाऱ्यावर नाही. आता ‘अवधान’ हा शब्द घ्या. अवधानासह असणारा तो ‘सावधान’. हा शब्द आपल्या जिल्ह्याच्या फार जवळचा आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 सालचा जन्म. परंपरेत सांगितलेली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: नारायण नावाचा मुलगा, झाडावर चढणारा, हुंदडणारा, घरात न सापडणारा. आई काळजीत. मग लग्नाचा घाट, अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकांत भटजी ‘सावधान’ म्हणाले आणि मुलगा खरंच सावधान झाला व मांडवातून पळाला.

आता कुणी लगेच म्हणेल, म्हणजे समर्थांना लहानपणी एडीएचडी होता की काय? असलं निदान आम्ही करणार नाही आणि तुम्हीही करू नका. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाची तपासणी दंतकथेवरून करता येत नाही. शिवाय जो मुलगा पुढे वर्षानुवर्षं टाकळीला एका जागी बसून साधना करतो, त्याच्या अवधानाबद्दल आपण काय बोलायचं! ही गोष्ट आम्ही वेगळ्याच कारणासाठी सांगितली. मांडवातल्या सगळ्यांनी तो शब्द ऐकला होता. शेकडो लग्नांत ऐकला होता. कुणाचंच त्याकडे लक्ष नव्हतं. लक्ष होतं फक्त त्या वांड म्हणवल्या गेलेल्या मुलाचं. लक्ष ‘नसतं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा ते आपल्याला हवं तिथे नसतं.

आणखी एक बघा. मराठीत आपण लक्ष ‘देतो’. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात, दान मागावं तसं. म्हणजे अवधान ही दोन माणसांमधली देवघेव आहे. ‘न्यूनता’ म्हटलं की ती एकट्या मुलाच्या डोक्यातली तूट होते, तेलाच्या डब्यात तेल कमी असावं तशी. हा फरक आज शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहे.

आता पश्चिमेकडे जाऊ. 1798 साली अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरच्या ग्रंथात अवधानावर एक प्रकरण लिहिलं, आणि काही मुलांना कोणत्याच गोष्टीवर मन ठेवता येत नाही, याची नोंद केली. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. गाजली ती 1902 सालची व्याख्यानं. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने वैद्यांच्या सभेत तीन व्याख्यानं दिली. बुद्धीने ठीक असलेली, पण स्वतःला आवरू न शकणारी मुलं त्याने वर्णन केली, आणि या अवस्थेला नाव दिलं ‘नैतिक नियंत्रणातला दोष’.

इथे तत्त्वज्ञानाचा माणूस थबकतो. नैतिक! म्हणजे मुलाला वाईट ठरवलं का? स्टिलचं म्हणणं उलट होतं. हे निव्वळ वाईट वळण नाही, शरीरात काही कारण असावं, असं तो सुचवत होता. पण शब्द निवडला तो नीतीचा, आणि शब्द डॉक्टरचं ऐकत नाहीत. ‘नियंत्रण नाही’ आणि ‘वळण नाही’ या दोन वाक्यांत समाजाने कधी फरक केला नाही. आजही आपल्याकडे शाळेतून चिठ्ठी येते ती वळणाबद्दलच येते, आणि घरी आल्यावर त्या चिठ्ठीचा हिशेब आईकडे मागितला जातो. वडिलांकडे क्वचितच.

1937 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने मुलांच्या रुग्णालयात बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध वापरलं, आणि त्याला दिसलं की बरीच मुलं उलट शांत होऊन अभ्यासाला लागली. औषधांचा इतिहास तिथून सुरू होतो. तो आमचा विषय नाही, पण साल लक्षात ठेवा, 1937. कारण त्याच साली मुंबईत दुसरी एक गोष्ट घडली.

मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे वस्तीत समाजकार्य करत होते. त्यांच्या पुढाकाराने 1936 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं. आज ज्याला आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो, ती हीच. त्या विद्यालयाने 1937 साली बालमार्गदर्शन केंद्र काढलं. भारतातलं हे पहिलं बालमार्गदर्शन केंद्र मानलं जातं. कल्पना शिकागोहून आलेली होती. तिथे 1909 साली विल्यम हीली या डॉक्टरने गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या मुलांना शिक्षा करण्याऐवजी त्यांचा अभ्यास करायला सुरुवात केली होती. त्यातून पद्धत निघाली ती अशी की डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून मुलाकडे बघायचं. समाजकार्यकर्त्याने घरी जायचं, आईशी बोलायचं, मास्तरांशी बोलायचं. मूल एकटं तपासायचं नाही. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते, आणि पुढच्या काळात नेमकी तीच हरवत गेली.

त्या वेळी आपला जालना कुठे होता? निजामाच्या राज्यात. मुंबईत बालमार्गदर्शन सुरू झालं तेव्हा मराठवाड्यात माध्यमिक शिक्षणाचं माध्यमच उर्दू होतं. घरी मराठी, शेतात मराठी, आणि वरच्या वर्गात उर्दू. आमच्या वडिलांच्या पिढीतली कितीतरी मुलं ‘लक्ष नाही’ म्हणून छड्या खाऊन घरी बसली. त्यांतल्या कितींना खरोखर अवधानाची अडचण होती आणि कितींना फक्त भाषेची, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1981 च्या महाराष्ट्रदिनी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण आहे. पाळणा सोन्याचा असेल, पण पाळण्यातून उतरून धावायला लागलेल्या मुलाचं काय करायचं याची सोय मात्र उशिरा आली, आणि ती अजून येतेच आहे.

आता मुख्य धाग्याकडे वळू. बोलून उपचार करणं ही फ्रॉइडच्या घराण्याची देणगी. मुलावर केलेला असा पहिला प्रसिद्ध उपचार 1909 सालचा, ‘छोटा हान्स’ म्हणून ओळखला जाणारा. पाच वर्षांचा मुलगा घोड्यांना घाबरत होता. गंमत अशी की फ्रॉइड त्या उपचारात मुलाला प्रत्यक्ष भेटला एकदाच. बाकी सगळं बोलणं वडिलांनी केलं आणि फ्रॉइडला कळवलं. फ्रॉइडचा सिद्धांत आम्हाला पटत नाही ते राहू द्या. पण मुलांच्या बाबतीत बोलण्याचा उपचार जन्मला तोच पालकाच्या तोंडून, हे विसरायला नको. पुढे मेलनी क्लाइनच्या ध्यानात आलं की मुलं खुर्चीवर बसून मनातलं सांगत नाहीत, ती खेळतात. मग खेळ हेच बोलणं मानलं गेलं. 1947 साली व्हर्जिनिया ॲक्सलाइनचं खेळोपचारावरचं पुस्तक आलं.

पण ज्याचं अंगच स्थिर नाही त्याच्याशी बोलायचं कसं? याचं उत्तर एका रशियन माणसाकडे होतं. लेव व्हिगॉट्स्की. 1934 साली अडतिसाव्या वर्षाच्या आत गेला, आणि त्याचं मुख्य पुस्तक त्याच साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्याने एक साधी गोष्ट पाहिली. लहान मूल काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतं. ‘हा इथे ठेवायचा, हा पडला, आता दुसरा.’ पियाजे म्हणाला होता, हे आत्मकेंद्री बोलणं आहे, वय वाढलं की विरून जाईल. व्हिगॉट्स्की म्हणाला, विरत नाही, आत जातं. आधी आई सांगते, मग मूल मोठ्याने स्वतःला सांगतं, मग पुटपुटतं, मग ते मनातलं बोलणं होतं, आणि तेच माणसाला आवरतं. म्हणजे आपला संयम हा आत जाऊन बसलेला दुसऱ्याचा आवाज आहे. आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, संकल्पशक्तीवर पुष्कळ वाचलं, पण इतकी सरळ मांडणी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

यावर 1971 साली डोनाल्ड माइकेनबॉम आणि जोसेफ गुडमन या दोघांनी उपचार उभा केला. उतावळ्या मुलांना स्वतःशी बोलायला शिकवायचं. आधी मोठ्या माणसाने काम करताना मोठ्याने बोलायचं. समजा रेघोट्यांचं चित्र उतरवायचं आहे. ‘काय करायचंय? हे असंच काढायचंय. हळू. आता रेघ खाली... उजवीकडे. चुकलं? चालतंय, पुसतो आणि पुढे जातो. छान.’ मग तेच मुलाने मोठ्याने म्हणत करायचं, मग कुजबुजत, मग मनात. ज्या शास्त्रात गोळी आणि छडी एवढेच दोन मार्ग दिसत होते, तिथे हा तिसरा मार्ग निघाला.

आणि इथे आम्हाला पुन्हा जांब आठवतं. ‘मनाचे श्लोक’ म्हणजे काय आहे? दोनशे पाच श्लोक, आणि जवळपास सगळा संवाद स्वतःच्या मनाशी. तेही कसं? मनाला आधी सज्जन म्हणून हाक मारतात, मग काय सोडायचं ते सांगतात. शिवी देऊन सुरुवात करत नाहीत. गुरुवारी-शनिवारी घराघरांत मुलांकडून ते मोठ्याने म्हणवून घेत, मग ते ओठांवर राहत, मग आत जात. क्रम बघा. याचा अर्थ समर्थांनी मानसोपचार शोधला असा नव्हे. असल्या दाव्यांचा आम्हाला कंटाळा आहे. उद्देश वेगळा, काळ वेगळा. पण स्वतःशी बोलून स्वतःला आवरण्याची रीत ज्या समाजाच्या तोंडात आहे, त्याला माइकेनबॉमची गोष्ट परकी वाटण्याचं कारण नाही, एवढंच आमचं म्हणणं.

आता कडू भाग. ही आशा पुरी झाली नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अभ्यासामागून अभ्यास झाले. खोलीत, शिक्षकासमोर, कागदावर मुलं सुधारत. वर्गात परत गेली की पूर्वीसारखीच. 1985 साली हॉवर्ड ॲबिकॉफ यांनी या सगळ्या प्रयोगांचा कठोर आढावा घेतला आणि सांगितलं की अतिचंचल मुलांच्या बाबतीत या प्रशिक्षणाचा दावा पुराव्यावर टिकत नाही. कारण उघड आहे. ज्या मुलाची अडचणच ‘ऐन वेळी आठवत नाही’ ही आहे, त्याला तुम्ही ऐन वेळी आठवण्याची युक्ती शिकवता! माहिती त्याच्याकडे असते. ती कामाच्या क्षणी हाताशी येत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी शंका आहे की माकड समाधी लावील का. शंका रास्त होती.

मग 1999 साली अमेरिकेतला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 579 मुलं, वय सात ते नऊ, चौदा महिने. काहींना काळजीपूर्वक मोजलेलं औषध, काहींना वर्तनोपचार, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना गावात जे मिळतं ते. मुख्य लक्षणांवर औषधाचा परिणाम वर्तनोपचारापेक्षा सरस ठरला. ‘बघा, गोळीच खरी’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण बारकाईने वाचलं तर आणखी दोन गोष्टी दिसतात. ज्या मुलांना सोबत चिंतेचाही त्रास होता, त्यांना वर्तनोपचाराचाही चांगला उपयोग झाला. आणि तीन वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा पाहिलं तेव्हा गटागटांतला फरक उरला नव्हता. म्हणजे चौदा महिन्यांच्या कोणत्याच उपचाराने आयुष्यभराची सोय होत नाही. यात वर्तनोपचार म्हणजे मुलाला खुर्चीत बसवून केलेला उपदेश नव्हता, हेही सांगायला हवं. त्यात आईवडिलांचं प्रशिक्षण होतं, शिक्षकांशी जोडलेलं काम होतं, उन्हाळी शिबिर होतं. आज अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणून पालकांचं प्रशिक्षणच सांगते. औषध नंतर, गरज असेल तर. थोड्या मोठ्या मुलांसाठी दोन्हींची जोड.

म्हणून आम्ही स्पष्ट बोलतो. आठवड्याला एकदा तासभर मुलाला एकटं बसवून ‘समुपदेशन’ करायचं आणि त्याने चंचलपणा जाईल असं आश्वासन कुणी देत असेल, तर शंभर वर्षांचा इतिहास त्या आश्वासनाच्या बाजूने नाही. मोठ्या वयात चित्र बदलतं. प्रौढांना विचार-वर्तन पद्धतीच्या उपचाराचा फायदा होतो असं चांगल्या प्रयोगांतून दिसलं आहे. आपल्याकडे अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ उपचार कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवला, ठाण्याला 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. एलिस स्वतःला एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा ऋणी मानायचा, त्यामुळे आमच्या विषयाची मंडळी त्याच्यावर खूश असतात. कुमारवयीन मुलांना, विशेषतः ‘मी मठ्ठ आहे, माझं काही होणार नाही’ हे ज्यांच्या मनात पक्कं बसलंय, त्यांना या बोलण्याचा आधार मिळू शकतो. चंचलपणा त्याने जात नाही. चंचलपणाने जी जखम केलेली असते, तिच्यावर फुंकर बसते.

आणि जखम कशाने होते? मराठीत फार चांगला वाक्प्रचार आहे, ‘बोलणी खाणे’. ही मुलं सकाळपासून बोलणी खातात. उठ, बस, हात काढ, कितीदा सांगू, तुझा भाऊ बघ. शाळेत तेच, ट्यूशनला तेच, रात्री बापाकडून शेवटचा हप्ता. म्हणजे बोलण्याचा खुराक या मुलांना मुळीच कमी पडत नाही! सगळ्यांत जास्त बोललं जातं ते यांच्याशीच. म्हणून बोलण्यातून उपचार याचा अर्थ आणखी बोलणं नव्हे. घरातलं बोलणं बदलणं. पालक-प्रशिक्षणात शिकवतात तरी काय? एका वेळी एकच सूचना. जवळ जाऊन, नजर मिळाल्यावर. केलं की लगेच, त्याच क्षणी, नेमकं कौतुक. नियम थोडे, आणि रोज तेच. वाचायला सोपं, करायला महाकठीण, कारण आई दिवसभर कापूस वेचून आलेली असते.

आपल्याच महाराष्ट्रात, उपचाराचं नाव न घेता, हे काम दोन बायांनी करून दाखवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. माँटेसोरींचा विचार घेऊन ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 मध्ये कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं शाळेत टिकत नाहीत, गुरांमागे जातात. बसत नाहीत, ऐकत नाहीत. ताराबाईंनी काय केलं? मुलं कुरणात असतील तर शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. अंगणवाडीची कल्पनाही त्याच कामातली. माँटेसोरींनी रोममध्ये 1907 च्या सुमारास पाहिलेली एक लहान मुलगी लाकडी दट्ट्यांच्या खेळात इतकी बुडाली होती की तिने तो चाळीसहून अधिक वेळा केला, भोवती गलका चालू असताना. तीन वर्षांची मुलगी! मुलाला बसवण्यापेक्षा बसावंसं वाटेल असं काही पुढे ठेवणं, हा वेगळा रस्ता. यानेही मेंदूतली अडचण जात नाही हे खरं, पण मुलाची बोलणी निम्मी कमी होतात.

आता जालन्यात या. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा पाच टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन मुलं धरा. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून ऊसतोडीला कुटुंबं जातात. दिवाळीनंतर गेलेलं मूल उन्हाळ्यात परततं. मधला अभ्यास बुडालेला. ते वर्गात खिडकीबाहेर बघणारच. त्याला चंचल ठरवून औषधाच्या वाटेवर पाठवणं चूक, आणि खरोखर अडचण असलेल्या मुलाला ‘ऊसतोडीचं आहे, असंच असतं’ म्हणून सोडून देणं हीही तेवढीच चूक. हा फरक कळायला घर माहीत असावं लागतं, भाषा माहीत असावी लागते. शहरातल्या तज्ज्ञाने प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नावलीला आमच्याकडची आई ‘हाव, हाव’ म्हणत राहते आणि कागद भरला जातो. 1937 च्या त्या मुंबईच्या केंद्रात समाजकार्यकर्ता घरी जात होता, ते यासाठीच.

सोय अगदीच नाही असं नाही. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या राज्यात, पालघरला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे, आणि तपासायच्या तीस गोष्टींच्या यादीत अवधान-अतिचंचलतेचं नाव आहे, राज्यांच्या मर्जीवर ठेवलेल्या काही गोष्टींच्या आसपास का होईना, पण आहे. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं, शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी रचना. केंद्रात मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असावा असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. लिहिलेलं असणं आणि खुर्चीत माणूस असणं यांतलं अंतर या सभागृहाला आम्ही समजावून सांगायला नको. पण पथक गावात येतं त्या दिवशी आईने किंवा बाईंनी तोंड उघडून ‘याचं लक्ष ठरत नाही, दोन वर्षं झाली, घरीही आणि शाळेतही’ असं सांगितलं, तर त्याची नोंद होऊ शकते. उंची-वजन मोजून होईपर्यंत गप्प राहिलं, तर होत नाही, कारण धावणारं मूल तपासणीच्या रांगेत निरोगीच दिसतं.

कायद्याचं शेवटी सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अवधानाच्या अडचणीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे ज्या मुलाला फक्त हीच अडचण आहे, त्याचा बाप दाखल्यासाठी रांगेत उभा राहिला, तर खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो तो हाच, की कोणत्या रकान्यात लिहू. याचं उत्तर आमच्या शास्त्रात नाही. समोर बसलेल्यांत वकील मंडळी आहेत, मास्तर आहेत, दोन आशाताईही दिसताहेत. त्यांनी आता बोलावं, आम्ही ऐकतो.